खुर्चीच्या पाठीवरचं नाव

मधली नऊ-दहा वर्षं मी कुठल्याच लग्नात धड जेवलो नाही. लग्न आमच्या मालेगावात असो की रिठदला, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर माझ्या साडूचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं आणि ते वाचता वाचता घास तोंडातच फिरायचा. त्या खुर्च्या गाडीत चढवणारा मी, उतरवणारा मी, एखाद्या धिप्पाड पाहुण्याने पाय मोडला तर दुरुस्त करून आणणारा मी. नाव मात्र त्याचं. लोकांना वाटायचं मला साखरेचा आजार आहे, म्हणून बुंदी उष्टी टाकतो. मला आजार होता, पण साखरेचा नव्हता.

धंदा आमचा बिछायतीचा. मंडप, खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी भांडी, जनरेटर, असं लग्नाला लागतं ते सगळं भाड्याने द्यायचं. आमचा म्हणजे माझा आणि साडूचा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्याची, धाकटी माझी. साडू सरकारी शाळेत कारकून होता, लोक त्याला बाबू म्हणायचे. पगाराची जुनी थकबाकी एकदम हातात आली तेव्हा त्याने मला स्टँडवरच्या हॉटेलात बोलावलं. माझं त्याच रस्त्याला जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. रोज चार पैसे यायचे आणि रोज संपायचे.

“साडभाऊ,” तो म्हणाला, “मायाजवळ पैसा एकदाच येते, तुयाजवळ रोज येते. मी माल घेतो, तू रोजचं पाह्य. भाडं आलं का अर्धं तुयं, अर्धं मायं.”

मला त्यात काही खोट दिसली नाही. उलट एवढा पगारदार माणूस आपल्याला भागीदार करतोय याने छाती फुगली. मी हो म्हणालो आणि चहाचे पैसे काढून दिले. तिथेच मला कळायला हवं होतं.

बिछायतवाल्यांचा एक रिवाज आहे. माल आला की आधी त्यावर नाव घालायचं आणि मगच तो घराबाहेर काढायचा. नाव नसेल तर एका लग्नातली खुर्ची दुसऱ्या लग्नाच्या गाडीत चढते आणि भाताचा गंज कुणाच्या चुलीवर गेला ते शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून पेंटर बोलावतात, पत्र्यावर अक्षरं कापून साचा करतात, एकेका खुर्चीवर तो साचा धरून रंग मारतात. भांड्यांवर कोरून घेतात. आता नाव कुणाचं घालायचं, तर बिल ज्याने दिलं त्याचं. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. बिलं साडूने दिली होती, साचा साडूच्या नावाचा कापला गेला. पेंटरची मजुरी आणि रंगाचे डबे मात्र रोजच्या खर्चात, म्हणजे माझ्याकडे.

त्याचं नाव सहाशे खुर्च्यांवर लिहिण्याचे पैसे मी दिले, हे मी माझ्या बायकोला चार वर्षं सांगितलं नव्हतं.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. नवेपणाची हौस होती. पण एकदा रिठदच्या एका लग्नात मी जनरेटरपाशी डिझेलचं डबडं घेऊन उभा असताना एक म्हातारबा खुर्चीवर हात ठेवून नाव वाचत म्हणाले, “लय वाढोला बावा बाबूनं धंदा.” मग माझ्याकडे वळून अगदी मायेने विचारलं, “तू त्याच्याकडं कामाले हायस का? रोज काय देते?”

मी त्यांना काय सांगणार? की बाबा, तुमच्या डोक्यावरचा दिवा जळतोय ते डिझेल माझं आहे? डिझेलवर नाव घालता येत नाही. ते जळतं आणि धूर होतो. मंडप बांधणाऱ्यांच्या मजुरीवर नाव घालता येत नाही, सतरंज्यांच्या धुलाईवर येत नाही, गाडीच्या पंक्चरवर येत नाही. मी त्या दिवशी घरी आलो तो तणतणतच.

“तुमचं पोट काहून दुखते?” बायको म्हणाली. “भाडं तं अर्धं भेटते नं?”

“तुया भाटव्याचंच नाव घे तू, बहिणीच्या नवऱ्याचं. तुले बी तोच दिसते.”

“खुर्च्याईवर लिवलेलं हाये, तं दिसनच,” ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

खरं सांगायचं तर साडूत वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त झोंबायचं. एखादा लबाड असता तर चारचौघांत शिव्या देऊन मोकळा झालो असतो. हा सणाला माझ्या पोरांना कपडे आणायचा, माझी आई आजारी पडली तेव्हा सुट्टी काढून दवाखान्यात बसला होता. अशा माणसाबद्दल जळायचं म्हणजे लपून जळावं लागतं, आणि लपून जळलं की आतून जास्त भाजतं. त्याने नवी कढई घेतली तरी मला ती माझ्याच डोक्यावर ठेवल्यासारखी वाटायची. मी त्याच्या मालाला हात लावताना मनात किंमत करायचो. कुठे पोचा आला की थोडं बरं वाटायचं.

मग त्याची मोठी मुलगी मध्ये आली. तिने वाशीमला बी.कॉम. केलं होतं आणि तिथेच हिशेब तपासणाऱ्या एका ऑफिसात काम शिकत होती. आम्हाला माल नेण्यासाठी स्वतःचा छोटा टेम्पो घ्यायचा होता आणि कर्जासाठी बँकेने धंद्याचे कागद मागितले होते. आमच्याकडे कागद म्हणजे साडूच्या बिलांची एक पिशवी आणि माझ्या खिशातल्या चिठ्ठ्या. एका रविवारी ती गोदामात आली. गोदाम म्हणजे साडूच्या घरामागचं पत्र्याचं मोठं शेड. ती बापाच्या नावाच्या खुर्चीवर बसली, मोठी वही उघडली आणि पानाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढली.

“काका, डावीकडं भांडवली खर्च लिवतो, उजवीकडं चालू खर्च,” ती म्हणाली. “जे एकदा घेतलं अन् वर्सानुवर्स काम देते, ते डावीकडं. जे त्याच वर्सात वापरून संपते, ते उजवीकडं.”

तिने पिशवीतली बिलं डावीकडे उतरवायला सुरुवात केली. खुर्च्या, मंडपाचे पाईप, कनाती, गंज, कढया, जनरेटर. पान भरत गेलं. मग माझ्या चिठ्ठ्या घेतल्या. डिझेल, मजुरी, धुलाई, रंग, सुतळी, चहा. उजवी बाजूही भरत गेली, उलट डावीपेक्षा लांब झाली, दुसऱ्या पानावर गेली. मला वाटलं, चला, आता तरी पोरीला दिसेल काकाने किती ओतलंय.

तिने खाली बेरजा केल्या आणि म्हणाली, “ह्या डावीकडच्या वस्तू पुढच्या वर्सी बी वहीत राह्यतात. उजवीकडचं मार्च संपला का संपलं.”

“म्हंजे?”

“म्हंजे ते त्या वर्साच्या कमाईतून वजा होते. पुढं नाई जात.”

मी पान उलटून पाहिलं. नवीन वर्षाचं पान तिने आधीच आखून ठेवलं होतं. डावीकडे साडूचा सगळा माल ओळीने पुन्हा बसलेला होता. उजवीकडची बाजू कोरी, धुतल्यासारखी.

मी हट्टाला पेटलो. जनरेटर मी दुरुस्त केला होता, ते डावीकडे घे म्हणालो. ती हसली नाही, वकिलासारखी विचारू लागली. “इंजिन नवीन बसोलं का? बसोलं असन तं त्याचं आयुष्य वाढलं, ते डावीकडं घेता येते. पण पिस्टन-रिंगा बदलल्या असतीन, होतं तसंच चालू केलं असन, तं ती दुरुस्ती. ते उजवीकडं.”

पिस्टन-रिंगाच बदलल्या होत्या. मी स्वतःच्या हाताने, दोन दिवस काळा होऊन.

एकाच गोष्टीने त्या दिवशी मला आनंद दिला. ती म्हणाली, डावीकडच्या वस्तूही तशाच राहत नाहीत, वापरून जुन्या होतात, म्हणून दरवर्षी त्यांची किंमत थोडी थोडी कमी करायची. त्याला घसारा म्हणतात. मला तो शब्द फार आवडला. पुढचे कित्येक दिवस मी साडूच्या खुर्च्यांकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, घसारा लागतोय लेको.

पण निघताना मी तिला विचारलंच. “मंग पोरी, माया पैसा गेला कोठी?”

“धंदा चालण्यात गेला काका. उजवीकडचं काम करते अन् संपते, त्याचा सभावच तसा. पण ते थांबोलं तं डावीकडचं बी लवकर मरते.”

पोटात हेवा असला की माणूस अर्धंच ऐकतो. मी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं तिथेच सांडलं. कारण तेवढ्यात साडू आत आला होता आणि मुलीने त्याला विचारलं होतं की भागीदारी आहे तर कोणती वस्तू कुणाची, हेही लिहून ठेवू का. साडूने सहज सांगून टाकलं, “लिव नं. उद्या आमी राह्यलो नाई तं लेकराईत वाद नको. ज्याचं नाव त्याची वस्तू.”

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी उभ्या उभ्या हिशेब केला. उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर नऊ वर्षांच्या राबणुकीनंतर या शेडमधून मी काय घेऊन निघणार होतो? डिझेलचं डबडं. आणि त्या डबड्यावरही त्याचंच नाव होतं.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझ्या नावाची एक तरी वस्तू त्या गोदामात असली पाहिजे, आणि ती साधीसुधी नको, सगळ्यांच्या नजरेत भरणारी हवी. मी ठरवलं, नवरा-नवरीचं सिंहासन घ्यायचं. लाल मखमल, सोनेरी हात, पाठीला मोराचा पिसारा. साडूकडे साध्या दोन गादीच्या खुर्च्या होत्या, लोक दर लग्नात सिंहासन मागायचे आणि आम्ही नाही म्हणायचो. वाशीमच्या एका सुताराकडे पाहून ठेवलं. पैशाचा प्रश्न होता. दुकानाची कमाई घराला पुरत होती, बायकोच्या डब्यातून थोडे निघाले, बाकीचे कुठून आणायचे?

ते उजवीकडून आले.

लग्नाचा हंगाम संपला की पाऊस लागायच्या आत आम्ही सुकवणी करायचो. मंडपाचं सगळं कापड धुऊन दोन-तीन उन्हं द्यायची, उंदरांनी कुरतडलेलं शिवून घ्यायचं, कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून घड्या करायच्या आणि फळ्यांवर रचायचं. आठ बाया आठ-दहा दिवस लागायच्या. खर्च मोठा आणि दाखवायला काही नाही; होतं ते कापड होतं तसंच राहतं. मी मनाशी म्हणालो, एक वर्ष सुकवणी नाही झाली तर काय आभाळ कोसळणार आहे? त्या पैशात सिंहासन आलं.

पेंटरला मी माझं नाव जाड अक्षरात काढायला सांगितलं. साडूच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं. कुठे काढू, त्याने विचारलं. खुर्चीचं नाव पाठीवरच असतं, मी म्हणालो. त्याने पाठीवर काढलं, खाली वेलबुट्टीही काढली.

हंगामातलं शेवटचं लग्न मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर होतं. साडूने त्याच वर्षी पांढरंशुभ्र नवीन छत घेतलं होतं, मंडपाच्या वरचं कापड. पुढे हिवाळ्यात मुलीचं लग्न काढायचं त्याच्या मनात होतं, आणि आमच्याकडे बौद्ध लग्नात पांढऱ्याचाच मान. लाल सिंहासन पांढऱ्यावर उठून दिसेल म्हणून मी ते नवीन छत आणि त्याचेच पडदे मानोऱ्याला नेले. सिंहासन स्टेजवर मांडलं. लोक बघतच राहिले. मी मागे जाऊन उभा राहिलो, आता कुणीतरी नाव वाचेल म्हणून.

कोण वाचणार? खुर्च्या ओळीत असतात, मागचा माणूस पुढच्या खुर्चीची पाठ वाचत बसतो. सिंहासनाची पाठ पडद्याला टेकलेली असते. माझं नाव दोन बोटं मोठं, वेलबुट्टीसकट, पडद्याकडे तोंड करून दिवसभर उभं होतं. ते वाचलं असेल तर साडूच्या पडद्याने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला. ओलसर छत आम्ही तसंच गुंडाळलं आणि मालेगावला आणून बाकीच्या कापडावर ठेवलं. मग चार महिने पाऊस. मी अधूनमधून गोदामात जायचो तेव्हा कुबट वास यायचा. कोपऱ्यातला एक पत्रा दोन वर्षांपासून गळत होता, तो बदला म्हणून मी साडूला सांगत आलो होतो. शेड त्याचं, पत्रे त्याच्या बाजूचे. मी वासाचं खापर त्या पत्र्यावर फोडायचो आणि सिंहासनावरचं प्लास्टिक नीट करून कुलूप लावायचो.

दिवाळीनंतर मुलीचं लग्न ठरलं. विहाराजवळच्या मैदानात मंडप टाकायचा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साडू, मी आणि चार गडी गोदामात गेलो. साडू उत्साहात होता. “पयले पांढरं छत काढा,” तो म्हणाला. “माया पोरीसाठी घेतलं ते.”

गड्यांनी घडी उलगडली. आधी वास आला. मग काळे ठिपके दिसले, टोकापासून टोकापर्यंत, जणू कुणी मूठभर काजळ फुंकलं होतं. मधल्या घडीत उंदरांनी घर केलं होतं; तिथून उजेड आरपार येत होता. दुसरी घडी काढली, तीही तशीच. कनाती हातात धरल्या की फाटत होत्या. एक गडी म्हणाला, हे तर सडलं की, आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

साडूने फाटकी कनात हाताने चाचपून पाहिली. मग त्याने मान वर केली आणि कोपऱ्यातल्या त्या गळक्या पत्र्याकडे पाहिलं. आता हा विचारणार, सुकवणी केली होती का. मी उत्तर जुळवत होतो.

तो माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला. “साडभाऊ, तू मले दोन वर्सापासून सांगून राह्यला होता, पत्रे बदला, पत्रे बदला. म्याच कंजुषी केली. माया पोरीचा मंडप म्या मायाच हातानं सडोला. तू येवढं सांभाळतं अन् म्या तुया मेहनतीची माती केली. मले माफ कर बावा.”

चार गड्यांसमोर. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, पत्रा नाही, मी. दोन शब्द. तोंड उघडलंही. आणि मी म्हणालो, “जाऊ द्या. आता मंडपाचं पाहू.”

मुलगी मागच्या दारात उभी होती. हाताला हळद लागलेली. बाप गड्यांना घेऊन बाहेर गेला तरी ती गेली नाही. तिने गळक्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीशी रचलेल्या कापडाकडे. दोन्हींमध्ये पंधरा पावलांचं अंतर होतं.

“काका, यंदा वहीत उजवीकडं सुकवणीची ओळ नोती,” ती म्हणाली. “मले वाटलं तुमी इसरले.”

“इसरलो,” मी म्हणालो.

“लिवाले का सुकवाले?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. घरात पाहुणे तिला हाका मारत होते.

त्या दिवशी मी जेवढी धावपळ केली तेवढी आयुष्यात केली नसेल. रिठदच्या बिछायतवाल्याला फोन केला. त्याचा जनरेटर एका लग्नात बंद पडला होता तेव्हा मी आमचा उचलून नेला होता. त्याने भाड्याचं विचारलंही नाही, कापडाची गाडी पाठवून दिली. गडी जेवले नाहीत, दुपारभर पाईप बांधत राहिले. दिवेलागणीला मंडप उभा राहिला. पांढराच, पण प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात रिठदवाल्याचं नाव. साडूने ते पाहिलं, एकदाच, आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. माझ्या ते काळजात गेलं. त्याचं नाव दिसू नये असं मी नऊ वर्षं मनात म्हणत होतो. त्याच्या मुलीच्या लग्नात ते मंडपाच्या कापडावर कुठेच नव्हतं.

लग्न चांगलं लागलं. वंदना झाली, फुलांच्या पाकळ्या पडल्या. नवरा-नवरी माझ्या सिंहासनावर बसले. फोटोवाल्याने दोघांना उठवून सिंहासन थोडं पुढे ओढायला लावलं, आणि मागच्या बाजूला उभं राहून पदर सारखा करताना मुलीची नजर त्याच्या पाठीवर गेली. माझं नाव वाचणारी पहिली व्यक्ती ती. मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. सिंहासन कधी आलं ते तिला माहीत होतं, कोणती ओळ नव्हती तेही माहीत होतं. हिशेबाची पोर, तिला बेरजेला किती वेळ लागणार? तिने मान वळवली आणि फोटोसाठी हसली.

दोन आठवड्यांनी साडूने शेडचे पत्रे बदलले. आणि मला न सांगता दारावर मोठी पाटी लावली. त्यावर दोन नावं होती. वरचं माझं.

“तू नसता तं माया पोरीचं लगन उघड्यावर लागलं असतं,” तो म्हणाला. “आता जो माल घीन त्याच्यावर दोघाईचं नाव. मांगचा बी सगळा अर्धा-अर्धा. पोरीले सांगतलं म्या, तसं लिव म्हणून.” पेंटरचे पैसेही त्यानेच दिले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. त्यासाठी मी जे केलं ते झाकून मिळालं. बायको पाटीखाली उभी राहून फोटो काढून आली आणि म्हणाली, आता तरी पोट दुखायचं थांबलं का?

थांबलेलं नाही. जागा बदलली आहे. खुर्च्यांचा हेवा आता वाटत नाही, त्या अर्ध्या माझ्याच आहेत. मला हेवा वाटतो त्या सकाळच्या साडूचा. दोष नसताना तो चार गड्यांसमोर माफी मागून मोकळा झाला, आणि नंतर पंगतीत बसून पोटभर जेवला. माझ्याकडे खराखुरा दोष होता आणि मला तेवढं एक वाक्य जमलं नाही. त्याची दानत मला विकत मिळण्यासारखी असती तर मी सिंहासन विकून घेतली असती.

सुकवणी आता मी दरवर्षी करतो. बायांबरोबर स्वतः कापड पिळतो, पाला स्वतः तोडून आणतो, आणि खर्च त्याच दिवशी वहीत टाकतो. उन्हाळ्यात मुलगी माहेरी येते तेव्हा गोदामात येऊन वही तपासते. तिचं लेकरू सतरंजीवर खेळतं. यंदाही आली. उजवीकडच्या ओळींवरून बोट खाली नेलं, सुकवणीपाशी थांबली, बरं म्हणाली. मग मागची पानं उलटत त्या वर्षावर गेली.

त्या वर्षीच्या जूनमध्ये, डिझेल आणि मजुरी यांच्यामध्ये, एक ओळ कोरी होती. मी ती कधी पाहिली नव्हती. वर-खाली सगळं तिच्या अक्षरात भरलेलं आणि मध्ये बोटभर जागा.

“हे काय?”

“तुमच्यासाठी ठेवली काका. सगळे कागद नवीन केले तवाच. बाबा काई वही पाह्यत नाईत. तुमीच त्याईले सांगसान, मंग लिवजा.”

तिने वही मिटून माझ्या हातात दिली आणि लेकराला उचलून घरात गेली.

ओळ अजून कोरी आहे. साडू आता निवृत्त झालाय, रोज सकाळी गोदामात येतो आणि मला स्टँडवर चहाला घेऊन जातो. पैसे तोच देतो.